कऱ्हेच्या पाणलोटाचा नकाशा आणि क्यूजीआयएस: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधासाठी मी पुरंदर तालुक्यातील कऱ्हा नदीचे वरचे खोरे, म्हणजे गराड्याच्या बाजूच्या डोंगरांपासून जेजुरीजवळच्या नाझरे धरणापर्यंतचा भाग, निवडला. विषय ठरला, मार्गदर्शक सरांची संमती मिळाली, आणि त्यानंतर पहिली अडचण अगदी व्यावहारिक स्वरूपाची निघाली. नकाशे तयार करण्याची जी व्यावसायिक प्रणाली आम्हाला शिकवली जात होती, तिचे परवाने प्रयोगशाळेतील मोजक्या संगणकांपुरते होते. प्रयोगशाळा सायंकाळी साडेपाचला बंद होत असे, आणि परवान्याच्या नूतनीकरणाला उशीर झाला की ते संगणकही काही आठवडे निरुपयोगी ठरत. त्याच प्रणालीची कुलूप तोडलेली प्रत वापरण्याचा सल्ला काहींनी दिला. चोरीच्या साधनाने केलेल्या कामावर स्वतःचे नाव घालणे मला पटले नाही, म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मी माझ्या लॅपटॉपवर क्यूजीआयएसची ३.२८ ही आवृत्ती उतरवून घेतली. तेव्हा माझी भावना दुधाची तहान ताकावर भागवण्याची होती. आज ३.४० ही आवृत्ती वापरत असताना ती भावना उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हे नीट सांगता यावे यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

ज्यांना या प्रणालीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. क्यूजीआयएस ही भौगोलिक माहिती प्रणाली आहे. उपग्रहचित्रे, उंचीची आकडेवारी, गावांच्या सीमा, रस्ते, विहिरी अशी स्थानाशी जोडलेली माहिती थरांच्या स्वरूपात एकावर एक ठेवणे, त्यांचे विश्लेषण करणे आणि त्यातून नकाशा तयार करणे हे तिचे काम. अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये या प्रणालीची सुरुवात केली, तेव्हा लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीवर भौगोलिक माहिती नुसती पाहता यावी एवढाच त्यांचा मर्यादित हेतू होता. १.० ही आवृत्ती जानेवारी २००९ मध्ये आली. आज जगभरातील योगदानकर्ते ती वाढवतात, आणि तिच्या आवृत्त्यांना त्यांच्या संमेलनांच्या गावांची नावे दिली जातात. माझी पहिली आवृत्ती ‘फिरेंझे’ होती आणि आताची ‘ब्रातिस्लाव्हा’ आहे. ती जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे, त्यामुळे कोणीही ती वापरू शकते, तिचा सोर्स कोड वाचू शकते, त्यात बदल करू शकते आणि बदललेली प्रत त्याच अटींवर दुसऱ्याला देऊ शकते. यांपैकी पहिल्या अधिकाराचेच मूल्य मला सुरुवातीला कळत होते, कारण मला फक्त पैसे वाचवायचे होते.

सुरुवातीचे दोन महिने खडतर गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. उतरवून घ्यायची फाइल एक जीबीच्या आसपास होती, आणि गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवर ती पूर्ण व्हायला एक रात्र लागली. माझ्या लॅपटॉपची मेमरी तेव्हा चार जीबी होती. थर वाढले की प्रणाली मंदावत असे, आणि दोनदा ती अचानक बंद पडून जतन न केलेले काम वाया गेले. आठ जीबी मेमरी केल्यानंतर ही तक्रार जवळजवळ संपली, तरीही ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांनी दर दहा मिनिटांनी काम जतन करण्याची सवय लावून घ्यावी. आमच्या विभागातील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या टिपणांचाही उपयोग झाला नाही, कारण ती २.१८ या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली होती. २०१८ मध्ये ३.० आवृत्ती आली तेव्हा पाया बदलला, मेनूंची रचना बदलली आणि अनेक जुनी प्लगइन, म्हणजे वरून जोडून घ्यायची साधने, चालेनाशी झाली. नवशिक्याला हा बदल कोणी सांगत नाही, त्यामुळे टिपणात लिहिलेले बटण पडद्यावर सापडत नाही आणि दोष आपलाच आहे असे वाटत राहते. या टप्प्यावर मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लहान लहान पाठ उपयोगी पडले. एका बाजूला पाठ थांबवायचा आणि दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करून पाहायची, ही त्यांची पद्धत ज्याला शेजारी बसून शिकवणारे कोणी नाही अशा विद्यार्थ्यासाठी अतिशय योग्य आहे.

प्रक्षेपणाचा, म्हणजे पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर कसा मांडायचा याचा, प्रश्न मात्र पाठ पाहून सुटला नाही, तो चुकांमधूनच समजला. मी पाणलोटाचे क्षेत्रफळ काढले तेव्हा उत्तर शून्यापुढच्या दशांश अपूर्णांकात आले. बराच वेळ मी प्रणालीला दोष देत राहिले, आणि मग ध्यानात आले की माझा थर अक्षांश-रेखांशांत होता आणि मी वापरलेले सूत्र थराच्या मूळ एककातच सपाट क्षेत्रफळ मोजते, त्यामुळे मला मिळालेले उत्तर ‘चौरस अंशां’त होते. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रे आहेत, एक सपाट कागदावर मोजणारे आणि दुसरे पृथ्वीचा लंबगोल आकार विचारात घेणारे, आणि दोन्हींची उत्तरे कधी वेगळी येतात हे सूत्राच्या शेजारच्या साहाय्य-चौकटीत लिहिलेले आहे. मी ती चौकट वाचली नव्हती. त्यानंतर मी सर्व थर यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या, ४३व्या उत्तर विभागात आणले. हा विभाग ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा असल्यामुळे पुणे जिल्हा त्यात मध्यावर येतो. वर्धा जिल्ह्यावर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने माझीच प्रकल्प-फाइल नमुना म्हणून घेतली होती. तिला वेळीच सांगावे लागले की ७८ अंशांच्या पूर्वेला ४४वा विभाग सुरू होतो, म्हणजे अमरावती शहर एका विभागात आणि वर्धा शहर दुसऱ्या विभागात पडते. महाराष्ट्रभराचा नकाशा करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांबाबतही असेच झाले. ते एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर, आधारलेले असतात, आणि हे न सांगता त्यांचे कोपरे जुळवले तर कागदावरची कऱ्हा उपग्रहचित्रातल्या कऱ्हेच्या शेजारून वाहू लागते. योग्य संदर्भ निवडल्यावर दोन्ही नद्या एकमेकींवर येऊन बसल्या, तो क्षण मला अजून आठवतो.

माझे मत खऱ्या अर्थाने बदलले ते पाणलोटाची सीमा आखताना. यासाठी मी फेब्रुवारी २००० मधील एंडेव्हर अंतराळयानाच्या मोहिमेत मिळवलेली, सुमारे ३० मीटरच्या चौकोनांची एसआरटीएम नावाची उंची-आकडेवारी घेतली, जी कोणालाही विनामूल्य मिळते. क्यूजीआयएसमध्ये ग्रास या दुसऱ्या मुक्त प्रणालीची साधने जोडून वापरता येतात. ग्रासचा उगम १९८२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बांधकाम-अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत झाला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिच्यावर काम होत आले आहे. त्यातील ‘आर.वॉटरशेड’ हे साधन मी चालवले. प्रत्येक चौकोनात वरून किती चौकोनांचे पाणी येऊन मिळते याचे आकडे त्यातून मिळायला हवे होते. आकडे मिळाले, परंतु त्यांपैकी हजारो ऋण होते. पाणी ऋण कसे असेल? मी साधन पुन्हा चालवले, तेच उत्तर आले. माझ्याबरोबर बसलेल्या वर्गमित्राने अगदी सहज सांगितले की फुकटच्या प्रणालीत असे व्हायचेच, तू त्या आकड्यांचे केवळ ऋणचिन्ह काढून टाक.

मी चिन्ह काढले नाही, साधनाची नियमपुस्तिका उघडली. तिथे स्पष्ट लिहिले होते की ऋण आकडा म्हणजे त्या चौकोनात अभ्यासक्षेत्राच्या बाहेरूनही पाणी येत असण्याची शक्यता आहे आणि म्हणून तो आकडा अपुरा आहे. मी उंचीची आकडेवारी तालुक्याच्या सीमेवर कापली होती, आणि पाणी तालुक्याची सीमा मानत नाही. सीमेबाहेरच्या उतारांवरून आत उतरणारे पाणी मी माझ्याच हाताने तोडले होते, आणि प्रणाली ते प्रामाणिकपणे दाखवत होती. चिन्ह पुसले असते तर नकाशा नेटका दिसला असता आणि चुकीचा ठरला असता. मी चारही बाजूंनी काही किलोमीटर अधिक क्षेत्र घेऊन साधन पुन्हा चालवले, आणि माझ्या खोऱ्यातील ऋण आकडे नाहीसे झाले. त्याच पुस्तिकेत हे साधन उंचीच्या आकडेवारीतले खळगे आधी भरून न घेता कमीत कमी ‘खर्चाचा’, म्हणजे पाण्याला सर्वांत सोपा, मार्ग शोधत पाण्याची दिशा कशी ठरवते हेही विस्ताराने दिलेले आहे. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके हेच विचारले, की तुम्ही खळगे का भरले नाहीत. मला उत्तर देता आले, कारण उत्तर उघड्यावर लिहून ठेवलेले होते. नाझरे जलाशयावर प्रवाहाच्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ का आल्या याचेही कारण मग मला स्वतःच सांगता आले. जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असल्याने तिथे उतारच नसतो, आणि त्या रेषांना खरा प्रवाह समजायचे नसते.

या प्रसंगानंतर मी ही प्रणाली वेगळ्या नजरेने वापरू लागले. आतापर्यंत मला बटण आणि त्याचे उत्तर एवढेच हवे होते, आता उत्तर कसे आले हे पाहता येणे ही मला सोय वाटू लागली. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपले भाग्य आहे, आणि तरीही आपण या प्रणालींबद्दल बोलताना बहुतेक वेळा पहिलाच शब्द वापरतो. त्या फुकट तयार होत नाहीत. क्यूजीआयएसचा कारभार पाहणारी संस्था देणग्या आणि सहयोगी सदस्यांच्या वर्गणीवर चालते, अनेक सुविधा कोणत्या ना कोणत्या संस्थेने पैसे देऊन करून घेतलेल्या असतात, आणि उरलेल्या कित्येक कोणीतरी आपल्या रात्री खर्च करून लिहिलेल्या असतात.

मराठी नकाशाच्या दृष्टीने ही प्रणाली कशी आहे, याबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण मी ती वापरू लागले तेव्हा ही माहिती मला एकत्र कुठेही मिळाली नाही. देवनागरी नावे नकाशावर स्वच्छ उमटतात. अडचण येते ती शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकाराची. तिच्यात स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइट घेते. त्यामुळे ‘विहिरीचे नाव’ असा स्तंभ केला की व, वेलांटी आणि ह एवढ्यावरच जागा संपते. संकेतन चुकीचे निवडले गेले तर गावांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हांच्या रांगा दिसतात, आणि माझ्या पहिल्या तीस नोंदींचे असेच झाले होते. उपाय सोपा आहे. शेपफाइल सोडून जिओपॅकेज हा दुसरा फाइल-प्रकार वापरावा. त्यात ही मर्यादा नाही आणि सगळे थर एका फाइलमध्ये राहतात. नकाशा पीडीएफमध्ये काढताना मजकूर रेखाकृती म्हणून काढण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे छपाईवाल्याच्या संगणकावर फाँट नसला तरी अक्षरे बिघडत नाहीत. संवादपेट्या आणि मेनू मी इंग्रजीतच ठेवले, कारण सगळी पाठ्यसामग्री त्याच शब्दांत आहे.

ओढ्यांची नावे त्यांच्या वळणांप्रमाणे वळवून लिहायची होती, तेव्हा मला भीती वाटत होती. त्याआधी एका रेखाटनाच्या प्रणालीत मी हाच प्रयत्न केला होता आणि तिथे काने आणि वेलांट्या अक्षरांपासून सुटून वेगळ्या पडल्या होत्या. क्यूजीआयएसमध्ये त्या अक्षराला धरून राहिल्या. हे कसे घडते याची उत्सुकता वाटली म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या प्रणालीचा सोर्स कोड उघडला. तो ज्या संगणकभाषेत आहे ती सी++ मला येत नाही. तरीही नावे मांडणाऱ्या भागात शोध घेतल्यावर मजकुराचे तुकडे करणारे एक फलन (फंक्शन) सापडले, आणि त्यावर साध्या इंग्रजीत टीप होती, की काही लिप्यांमध्ये चिन्हे एकमेकांपासून तोडता येत नाहीत आणि हे फलन त्याचा विचार करते. उदाहरण म्हणून अरबी आणि भारतीय लिप्यांचा उल्लेख होता. ज्या व्यक्तीने ही ओळ लिहिली तिला कऱ्हा ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण आपल्या लिपीतला काना सुटता कामा नये, याची काळजी कोणीतरी घेतली होती, आणि ती काळजी मला वाचता आली. ज्या प्रणालीचे कवाड बंद आहे तिच्यात कोणी अशी काळजी घेतलीही असेल, परंतु ती मला कधीच दिसली नसती. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र मी छपाईपूर्वी प्रत्येक नाव स्वतः तपासते, आणि कऱ्हेचे नाव मी वळणावर न टाकता आडवेच ठेवले.

क्षेत्रकामासाठी मी क्यूफील्ड हे मोबाइलवरील मुक्त ॲप वापरले, जे क्यूजीआयएसचाच प्रकल्प फोनवर उघडते. नेटवर्क नसलेल्या शिवारातही विहिरीजवळ उभे राहून ठिकाण, पाण्याची खोली आणि छायाचित्र अशी नोंद होत असे आणि घरी आल्यावर ती लॅपटॉपवरील थरात मिसळता येत असे. मे महिन्यात दोन आठवड्यांत मी ६३ विहिरींची नोंद केली. फोनचे स्थाननिश्चितीकरण काही मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे जवळजवळ असलेल्या दोन विहिरी नोंदताना खूण म्हणून बांध किंवा झाड लिहून ठेवावे लागते. एरवी तक्रारीला जागा नाही.

उणिवांबद्दल आणखी काही सांगणे आवश्यक आहे. प्लगइनची संख्या मोठी असली तरी त्यांची गुणवत्ता एकसारखी नाही. काही उत्तम आहेत, काही लेखकाने वाऱ्यावर सोडलेली आहेत, आणि बसवण्यापूर्वी शेवटची सुधारणा कधी झाली हे पाहिले पाहिजे. एकच काम करणारी तीन-चार साधने वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली असल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो, आणि कोणते कधी वापरावे हे प्रणाली स्वतः सांगत नाही. चूक झाल्याचे सांगणारा संदेश पुष्कळदा इतका तांत्रिक असतो की तो जसाच्या तसा शोधून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ज्यांना रोज तेच ते काम ठरावीक मुदतीत द्यायचे आहे आणि अडल्यावर दूरध्वनीवर उत्तर हवे आहे, अशा कार्यालयांसाठी पैसे देऊन मिळणारे साहाय्य उपयुक्त ठरेल, आणि क्यूजीआयएससाठीही असे साहाय्य देणाऱ्या कंपन्या आहेत. विद्यार्थ्याने मात्र दर चार महिन्यांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या मागे न धावता दीर्घकालीन, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणारी, आवृत्तीच घ्यावी आणि प्रबंध संपेपर्यंत मोठा बदल टाळावा. मी प्रबंधाच्या मध्यावर ३.३४ वर गेले आणि माझ्या नकाशांच्या मांडणीत किरकोळ दुरुस्त्या करण्यात दोन दिवस गेले, जे टाळता आले असते.

प्रबंध सादर करण्याच्या महिनाभर आधी मी सगळा प्रकल्प, म्हणजे जिओपॅकेज, शैलींच्या फाइल आणि मराठीत लिहिलेले दोन पानांचे टिपण, आमच्या गावच्या शाळेतील भूगोलाच्या गुरुजींना पेन ड्राइव्हवर दिला. त्यांना मी प्रणालीही त्यातच देऊ शकले, आणि हे करताना कोणाची परवानगी विचारावी लागली नाही. शाळेच्या संगणकावर ती सुरू व्हायला वेळ लागतो, असे त्यांनी कळवले. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडून फाइल परत आली. आठवीच्या मुलांनी त्यांच्या वाड्या-वस्त्यांवरचे अकरा बंधारे नव्या थरात घातले होते, त्यांतील चार गाळाने भरलेले आहेत अशी नोंद होती, आणि ज्या ओढ्याला मी जुन्या नकाशावरून एक नाव दिले होते, त्याला गावात वेगळ्याच नावाने ओळखतात हे गुरुजींनी शेजारच्या रकान्यात लिहिले होते. प्रबंधाच्या अंतिम प्रतीत गावाचेच नाव छापले आहे.